उपसागरातली मुक्कामी गाडी

समुद्रापासून इतक्या लांब राहून समुद्राची इतकी काळजी वाहणारा माणूस आमच्या व्याह्यांखेरीज दुसरा कुणी जन्माला आला असेल, असं मला वाटत नाही. आमच्या हिंगोली जिल्ह्यात खारं पाणी म्हटलं की लोकांना बोअर आठवते, समुद्र नाही. पण आखाडा बाळापूरला राहणारा हा गृहस्थ सकाळी डोळे उघडल्याबरोबर आधी बंगालच्या उपसागराची विचारपूस करतो आणि मग तोंड धुतो. शेजारच्या घरात कुणाला ताप आला तर त्यांना दोन दिवसांनी कळतं, पण उपसागराच्या अंगात जराशी कणकण भरली की हिंगोलीत माझा फोन वाजलाच म्हणून समजा. "जय भीम, इवाई," ते म्हणतात. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. "पाणी तापून राहिलं बरं का!" मी त्या वेळी टॉवेल खांद्यावर टाकून अंघोळीला निघालेला असतो. त्यामुळे पहिले काही महिने ते आमच्या गिझरचीच चौकशी करतात, अशी माझी समजूत होती. एवढ्या लांबून हा माणूस माझ्या अंघोळीची काळजी करतो म्हणून मी बायकोजवळ त्यांचं कौतुकही केलं होतं.

व्याह्यांनी सगळी नोकरी बाळापूरच्या बस स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. म्हणजे गाडी कुठून आली, कुठे जाणार आणि का उशिरा आली हे भोंग्यावरून सांगणारा माणूस. इतर स्थानकांवर हे काम दोन वाक्यांत उरकतात. व्याह्यांना ते कधी जमलं नाही. गाडीला उशीर झाला असेल तर तो का झाला, त्यात ड्रायव्हरची चूक कशी नाही, आणि प्रवाशांनी तोवर चहा घ्यायला हरकत कशी नाही, असं सगळं ते सांगायचे. त्यांची नजरही सगळीकडे असायची. "निळ्या लुगड्यातल्या मावशी, ती तुमची गाडी न्हाई, खाली उतरा. तुमची मागून येऊन राहिली," असं भोंग्यावरून ऐकू आलं की निम्म्या स्थानकातल्या निळ्या लुगड्यातल्या बाया खाली उतरायच्या. त्यांची बायको लवकर गेली. मागे सुजाता नावाची लहान मुलगी राहिली. तिला सांभाळायला घरी कुणी नव्हतं म्हणून ते तिला नियंत्रण कक्षातच बसवून ठेवत. ती पोर शाळेत जायच्या आधीच वाचायला शिकली, आणि ते पाटीवर नव्हे, गाड्यांच्या पाट्यांवर.

हीच सुजाता आता माझी सून आहे. आम्ही तिला पाहायला गेलो तेव्हा व्याह्यांनी माझ्या मुलाची चौकशी सुरू केली. नाव विचारलं. मी म्हणालो, प्रशांत. त्यांनी हातातला पाण्याचा तांब्या तसाच धरला आणि मुलीकडे पाहून म्हणाले, "सुजाता, ह्याच्या तर नावातच महासागर हाय!" माझा मुलगा औषधाच्या कंपनीत हैदराबादला काम करतो, त्याचं शिक्षण चांगलं आहे, स्वभाव शांत आहे, हे सगळं मी घोकून गेलो होतो. त्यातलं एक अक्षर त्यांनी ऐकलं नाही. एकच प्रश्न विचारला: "पोहता येतंय का?" प्रशांत घाबरून म्हणाला, "नाही." व्याही म्हणाले, "चालतंय. मला बी न्हाई येत." आणि लग्न ठरलं.

समुद्राचं हे वेड त्यांच्या अंगात शिरलं ते सुजाताच्या नोकरीपासून. ती हैदराबादच्या एका संस्थेत समुद्राची माहिती गोळा करण्याचं काम करते. हैदराबादलाही समुद्र नाही, ही गोष्ट मी एकदा भीतभीत त्यांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "इवाई, निजामाच्या राज्यात आपला सगळा कारभार हैदराबादहून चालायचा. तवा त्या लोकांनी कुठं हिंगोली पाहिली व्हती?"

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा घरी आली तेव्हा सुजाताने बापाला आपलं काम समजावून सांगितलं. माणसाएवढं उंच, नळकांड्यासारखं एक यंत्र असतं. जहाजावरून ते समुद्रात सोडतात. ते आपलं आपण खूप खोल जातं, तिथे काही दिवस पाण्याबरोबर वाहत राहतं, आणि मग ठरल्या दिवशी वर येतं. वर येता येता त्याच्या डोक्यावरचे सेन्सर प्रत्येक थरातल्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजतात. वर पोचलं की ते सगळी माहिती उपग्रहाकडे पाठवतं आणि पुन्हा बुडी मारतं. व्याह्यांनी विचारलं, "डायवर?" ती म्हणाली, नाही. "कंडक्टर?" तोही नाही. "अन् तरी टायमावर येती?" ती म्हणाली, "येते बाबा." ज्या माणसाचा जन्म न येणाऱ्या गाड्यांची बाजू सांभाळण्यात गेला, त्याला ही बातमी केवढी मोठी वाटली असेल, याचा विचार करा.

जगभरातल्या अशा यंत्रांची माहिती मोबाइलवर कुणालाही बघता येते, हे कळल्यावर तर त्यांना सोन्याची खाणच सापडली. बंगालच्या उपसागरातलं एक यंत्र त्यांनी आपलं म्हणून निवडलं, कारण ते पाण्यात जाण्याआधी त्याचे सेन्सर सुजाताने तपासले होते. त्यांनी त्याचं नाव ठेवलं मुक्कामी. रात्री खेड्यात मुक्कामाला जाऊन सकाळी परत येणाऱ्या गाडीला आपण म्हणतो तेच. ही मुक्कामी खोल पाण्यात मुक्काम करायची आणि मग वर यायची. ती वर आली की व्याही स्थानकासमोरच्या चहाच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांना सांगायचे. निवृत्त झाले तरी आवाज काही निवृत्त झाला नव्हता. "मुक्कामी गाडी वर आलेली आहे हो," असं त्यांनी एकदा इतक्या जोरात सांगितलं की डोंगरकडा गावच्या एका म्हाताऱ्याने चहा अर्धा टाकला आणि गाठोडं डोक्यावर घेऊन तो फलाटाकडे पळाला. व्याह्यांनी त्याला परत आणलं, दुसरा चहा पाजला आणि उपसागर समजावून सांगितला. म्हाताऱ्याने सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "पर ती डोंगरकड्याला थांबती का?"

मोबाइलवरच्या आकड्यांनी मन भरेना, तेव्हा त्यांनी पाणी शुद्ध करणारं यंत्र बसवायला आलेल्या माणसाकडून पाण्यातले क्षार मोजायचं पेन मिळवलं. ते खिशात ठेवून फिरायला लागले आणि आमचे हाल सुरू झाले. बोअरच्या पाण्यात पेन, माठात पेन, कयाधू नदीच्या डबक्यात पेन. कुरुंद्याला त्यांच्या एका नातेवाइकाकडे हळद शिजत होती, तर कढईतून पाणी काढून त्यात पेन. इथवर ठीक होतं. पण एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी ते वरणाच्या वाटीत बुडवलं. पेनाने आकडा दाखवायचंच बंद केलं. व्याही उभे राहून म्हणाले, "आचाऱ्याला बोलवा, वरण मापाच्या बाहेर गेलं!" आचारी पळी घेऊनच आला. मी मधे पडून त्याला सांगितलं की हे आमचे व्याही आहेत आणि समुद्राचं काम बघतात. आचाऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला हळूच विचारलं, "कवापासून?"

असं सगळं मजेत चाललं होतं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी सुजाताचा फोन आला. अशी नवी यंत्रं उपसागरात सोडायला जहाज जाणार होतं आणि त्यावर जाण्यासाठी तिची निवड झाली होती. महिनाभर पाण्यावर राहावं लागणार होतं. माझ्या बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. तिने आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता आणि पाहायची इच्छाही कधी धरलेली नव्हती. "लग्नाला दोन वर्षं होईनात, अन् सून पाण्यावर पाठवायची? लोक काय म्हणतील ते जाऊ द्या, मला झोप लागंल का?" असं तिचं म्हणणं. आता व्याही मुलीच्या बाजूने बोलणार आणि दोन घरांत जुंपणार, या हिशोबाने ती तयारीत बसली होती. फोन आला. तिने स्पीकरवर टाकला. विहिणीला ते ईनबाई म्हणतात. पलीकडून व्याह्यांचा आवाज आला: "ईनबाई, तुमी बराबर बोलून राहिल्या. पोरगी जाणार न्हाई."

बायकोला इतका धक्का बसला की घटकाभर तीच सुनेच्या बाजूने बोलायला लागली.

ज्या माणसाने दोन वर्षं आम्हाला समुद्राचे गोडवे ऐकवले होते, तोच आता समुद्राचे दोष सांगत सुटला. लाटा केवढ्या असतात, वारा कसा फिरतो, तापलेल्या पाण्यावर वादळ कसं पोसलं जातं. आम्हाला भीती घालण्यापुरती माहिती त्यांच्याकडे भरपूर होती. मी म्हणालो, "अहो, पण तुमची मुक्कामी तर रोज तिथेच असते." ते म्हणाले, "ती यंत्र हाय, इवाई. बुडायचंच तिचं काम हाय. मला पोरगी एकच हाय." त्यांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

सुजाता शांत होती. तिने बापाला एवढंच सांगितलं, "बाबा, मी विचारत नाही, सांगून राहिले. पण तुमी हो म्हणालात तर मला जाताना बरं वाटंल." व्याह्यांनी हो म्हटलं नाही.

त्याच सुमारास उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. मुक्कामी वर आली आणि पाणी नुसतं वरवर नाही, चांगलं खोलवर तापलंय असं सांगून खाली गेली. व्याह्यांनी कुरुंद्याच्या पाहुण्यांना सोयाबीनची गंजी झाकायला सांगितलं. माझ्याकडे शेत नाही, तरी मलाही फोन आलाच. आमच्या गच्चीवर दिवाळीच्या साफसफाईच्या गोधड्या वाळत होत्या. बायकोने त्या उचलल्या. आमच्याकडे पाऊस म्हणून चार थेंब पडले. गोधड्या ओल्याच्या ओल्या घरात आल्या, आणि पुढचे दोन दिवस आम्ही उपसागराच्या नावाने शिंकत होतो. तिकडे किनाऱ्यावर मात्र खरोखरच वादळ आलं. घरं पडली, झाडं पडली, पण माणसं आधीच हलवली होती.

वादळ ओसरलं. मुक्कामी वर यायचा दिवस आला आणि ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढची खेप आली, तीही तशीच गेली. व्याह्यांचा फोन येईना, तेव्हा मला राहवेना. मी बाळापूरला गेलो. ते हॉटेलात नव्हते. स्थानकात, प्रवाशांच्या बाकावर बसले होते, मोबाइल मांडीवर ठेवून. जन्मभर ते भिंतीपलीकडे नियंत्रण कक्षात बसले होते. या बाजूच्या बाकावर मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मी शेजारी बसलो. म्हणालो, "उशीर झाला असेल." ते म्हणाले, "लेट व्हणं येगळं अन् न येणं येगळं. मला कळतंय ते."

त्यांनी माझ्यासमोरच सुजाताला फोन लावला. "कुणाला तरी पाठवा ना बाई बघायला. काहीतरी बिघडलं असंल तिचं. वाटंत उभी असंल."

"बाबा, तिथं कुणी बघायला जात नसतं," सुजाता म्हणाली. "समुद्र केवढा अन् ती केवढी. बंद पडली असंल. कधीतरी पडणारच होती. पण जाता जाता तिनं खोलवर पाणी तापल्याचं सांगितलं ना, ते वादळाचा अंदाज बांधताना कामी आलं. तिच्यासारख्या पुष्कळ आहेत पाण्यात, त्या सगळ्यांचं मिळून."

"अन् आता तिच्या जागी कोण हाय?"

"कुणी नाही. तेवढ्या भागात खाली काय चाललंय ते आता आमाला दिसत नाही."

"मंग दुसरी कवा सोडतान?"

"जहाज जाईल तवा. त्याच जहाजावर मला जायचंय, बाबा."

व्याह्यांनी फोन ठेवला. समोर गाड्या येत होत्या, जात होत्या. एकीत चढायला माणसांची रेटारेटी चालली होती, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजी इवाई, रस्ता मीच अडवून राहिलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हिंगोलीला आमच्या दारात हजर. बायको मेथी निवडत बसली होती. ते तिच्यासमोर खाली बसले, मेथीची एक जुडी स्वतःकडे ओढली आणि म्हणाले, "ईनबाई, मी तुमच्या पार्टीतून निघालो."

"काहून?" बायको म्हणाली.

"तिकडं किनाऱ्यावर बी बाया लेकरं कुशीत घेऊन झोपत असतीन. वादळ येणार का न्हाई, हे त्यायला कुणीतरी सांगाया पाह्यजे. त्यासाठी ते यंत्र पाण्यात सोडाया पाह्यजे. ते सोडायला कुणाची तरी पोरगी जाणारच हाय. मंग आपली काहून नको?"

"अन् तिला काही झालं तर?"

व्याह्यांनी मेथीची काडी मोडली. ती कशासाठी मोडली ते त्यांना कळलं नसावं, कारण पानं टोपल्यात जायची ती कचऱ्यात गेली. "मला बी तेच वाटून राहिलं," ते म्हणाले. "घडोघडी वाटून राहिलं. तुमी भिऊ नका म्हणायला मी आलोच न्हाई. आपण दोघं मिळून भिऊ. पण पोरीला जाऊ देऊ."

बायकोने पदराने डोळे पुसले. मग टोपलं उचलून आत जाता जाता म्हणाली, "आता जेवूनच जा. अन् ते पेन बाहेर काढायचं न्हाई." आमच्या घरात होकार असाच देतात. व्याह्यांनी तिथूनच सुजाताला फोन लावला. आम्हाला फक्त इकडची बाजू ऐकू आली. "जा," ते म्हणाले. आणि मग पुन्हा, "जा म्हणलं ना." पलीकडे ती रडत असावी, कारण हे एकसारखे "हं, हं" करत राहिले आणि भिंतीवरचं कॅलेंडर पालटत राहिले.

थंडी सरता सरता सुजाता गेली आणि महिन्याभराने परतली. चेहरा उन्हाने काळवंडला होता, वजन उतरलं होतं. पहिले काही दिवस ती उलट्यांनी बेजार झाली होती, हे तिने परतल्यावर सांगितलं. तिने स्वतःच्या हातांनी तपासलेली यंत्रं दोरीने अलगद पाण्यावर उतरवली. नव्या यंत्रांना तापमान आणि खारटपणाच्या जोडीला पाण्यातला प्राणवायू मोजणारे सेन्सरही आहेत. समुद्राला श्वास लागतोय का तेही आता कळतं, असं व्याही सांगतात. एक मुक्कामी गेली आणि त्यांच्याकडे अख्खं आगार आलं. त्यातलं एक यंत्र त्यांनी माझ्या नावावर केलं आणि एक माझ्या बायकोच्या. मला माझ्याची आठवण राहत नाही, पण बायको सकाळी चहा ठेवायच्या आधी विचारते, "अहो, माझी वर आली का बघा ना." एकदा तिचं वेळेवर आलं आणि माझं यायचं होतं, तर ती दिवसभर माझ्याशी फार प्रेमाने वागली.

पण व्याह्यांची गोष्ट निघाली की मला आधी आठवतं ते यातलं काही नाही. मला विशाखापट्टणमचा किनारा आठवतो. सुजाताला निरोप द्यायला आम्ही सगळे गेलो होतो. बंदरात आत सोडत नाहीत, म्हणून प्रशांतने आम्हाला किनाऱ्यावर आणून उभं केलं. जहाज इथूनच समोरून जाणार होतं. व्याही मुलीच्या लग्नातला कोट घालून आले होते. वाळू सुरू होते तिथेच ते थांबले. दोन वर्षं ज्याची त्यांनी नाडी पाहिली होती तो समोर होता. ते म्हणाले, "केवढा हाय हा!" थोड्या वेळाने एक जहाज निघालं. आम्ही सगळ्यांनी जीव तोडून हात हलवले, तेव्हा प्रशांत म्हणाला की हे मालवाहू जहाज आहे, आपलं मागे आहे. मग आपलं आलं. कठड्यापाशी माणसं उभी होती. त्यातली सुजाता कोणती ते कुणालाच सांगता येईना. व्याह्यांनी हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

जहाज लहान होत गेलं. व्याह्यांनी चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात पाऊल टाकलं. लाट आली आणि त्यांच्या पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली. ते जरा झुकले. मी दंड धरला. "तिच्या आईला पाण्याची लई हौस," ते समोर बघत म्हणाले. "इसापूरचं धरण बघू म्हणायची. घराजवळच तर हाय. सुट्टी मिळाली की जाऊ म्हणून मी थांबवत राहिलो. तेवढं बी तिला दाखवलं न्हाई, इवाई."

दुसरी लाट येत होती. माझी बायको इतका वेळ कोरड्या वाळूवर, पाण्यापासून लांब उभी होती. ती पुढे आली आणि साडीचा काठ भिजू देत व्याह्यांच्या शेजारी उभी राहिली. जहाज आता दिसत नव्हतं. आम्ही मात्र बराच वेळ तिकडेच बघत होतो.